देव कोणाच्या बाजूचा?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दुसऱ्या कशाचा दुष्काळ असेल तो असो, देवांचा नाही. शेगावला गजानन महाराजांची समाधी आहे. मेहकरला शारंगधर बालाजी उभा आहे, देऊळगाव राजाला दुसरा बालाजी आहे, लोणारला दैत्यसूदनाचे पुरातन देऊळ आहे. सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सगळ्या जातिधर्मांची माणसे लोटतात. गावोगावी विहार आहेत, मारुतीच्या पारावर सप्ताह बसतात, टाळमृदंगाचा आवाज रात्री दोन कोसांवरून ऐकू येतो. आणि ज्या माउलीचे नाव घेतल्यावाचून महाराष्ट्रात एक सभा सुरू होत नाही, त्या जिजाऊंचा जन्मही आमच्याच सिंदखेड राजाचा. दर वर्षी १२ जानेवारीला तिथे मुंगीला वाट मिळत नाही इतकी माणसे जमतात.

आता एक आकडा ऐका. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली भरल्या ८५५. त्याआधीच्या, म्हणजे २००१ च्या जनगणनेत त्या ९०८ होत्या. दहा वर्षांत हजारामागे त्रेपन्न मुली आणखी घटल्या. या दहा वर्षांत एखादे देऊळ ओस पडले असे मी ऐकले नाही. एखादा सप्ताह मोडला असेही ऐकले नाही. देव वाढले, कळस वाढले, दिंड्या वाढल्या, आणि लेकी घटल्या. लेक झाली म्हणून लखुजी जाधवांनी हत्तीवरून साखर वाटली असे ज्या गावात आजही सांगतात, त्या गावाच्या जिल्ह्याची ही गोष्ट आहे. पोटी शिवाजी यावा असे सगळ्यांनाच वाटते. जिजाऊ कोणाच्या पोटी यावी, ते मात्र कोणी बोलत नाही.

दिवाळीच्या अंकात हा विषय काढावा काय, असे काही वाचकांना वाटेल. फराळाचे ताट पुढे आहे, मुलेबाळे भोवती आहेत, आणि ही बाई गर्भाच्या आणि विटाळाच्या गोष्टी काय घेऊन बसली! पण मंडळी, लक्ष्मीपूजन आपण याच दिवसांत करतो आणि भाऊबीजही याच दिवसांत येते. ज्या घरात ओवाळायला बहीणच उरली नाही, तिथे हा विषय कोणी काढला नाही तरी निरांजनाच्या ताटाशी तो येऊन बसलेलाच असतो.

मी नास्तिक नाही. माझ्या दारात तुळस आहे, एकादशी मी मोडत नाही आणि वारीला मी गेलेली आहे. म्हणूनच माझा सवाल नास्तिकांना नाही, तो आस्तिकांना आहे. बाईच्या कुशीवर आज ज्याचा त्याचा हक्क आहे. सासू सांगते, नवरा सांगतो, भावकी सांगते, सरकार सांगते, आणि देवाच्या नावाने बोलणारेही सांगतात. सांगत नाही ती फक्त एक, जिची ती कूस आहे. मूल कधी व्हावे, किती व्हावीत, व्हावे की न व्हावे, आणि झालेले मूल मानाने वाढवता यावे, एवढे चार शब्द तिने उच्चारले की धर्म बुडाला म्हणून ओरड होते. मी विचारते, हा धर्म कोणाचा? आणि देव कोणाच्या बाजूचा?

हा सवाल काही मी नव्याने काढलेला नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आमच्याच बुलढाण्यातल्या एका बाईने तो काढला होता.

१८८१ सालची गोष्ट. सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा होती. तिला दिवस गेले, मूल झाले, आणि अब्रूच्या भयाने ते तिने मारले. सेशन कोर्टाने तिला फाशी फर्मावली. मुंबईच्या हायकोर्टात अपील झाले, फाशीची जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, आणि पुढे तीही कमी होऊन पाच वर्षांवर आली. पण तोवर वर्तमानपत्रांना खाद्य मिळाले होते. बायका कशा बिघडल्या, विधवा कशा निर्लज्ज झाल्या, यावर रकानेच्या रकाने भरले गेले. त्या मुलाला बाप होता की नाही, असल्यास तो कुठे होता, हे विचारण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही.

ती तसदी बुलढाण्यात बसलेल्या ताराबाई शिंद्यांनी घेतली. वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, आणि सत्यशोधक समाजाचे. मुलीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवले. ताराबाई शाळेत गेल्या नाहीत, सभेत बोलल्या नाहीत. त्यांनी एकच पुस्तक लिहिले, आणि ते पुरेसे झाले. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापले गेले. किंमत नऊ आणे, प्रती पाचशे.

हे पुस्तक आज वाचतानाही हात भाजतो. पण त्यातली एक गोष्ट आपले लोक विसरतात. ताराबाई देवाला टाकून बोलत नाहीत, देवाला साक्षीला बोलावून बोलतात. स्त्री आणि पुरुष ही दोन्ही एकाच परमेश्वराने घडवली, इथून त्यांचा सारा युक्तिवाद निघतो. मग जो नियम बायकोला तो नवऱ्याला का नाही? नवरा मेला तर बायको अभागी, तिचे तोंड पाहू नये. बायको मेली तर नवऱ्याने तोंड कोळशाने माखून रानात का जाऊ नये? बाईला वाटेवरून ओढणारा पुरुष, दिवस गेल्यावर पळणारा पुरुष, आणि न्यायाच्या खुर्चीवर बसून तिला शिक्षा देणाराही पुरुषच. पुराणांतल्या देवांची लफडीसुद्धा ताराबाईंनी सोडली नाहीत. शास्त्रे पुरुषांनी आपल्या सोयीने रचली, त्यांची सही देवाच्या नावाने केली, हा त्यांचा आरोप होता. देवावर त्यांचा राग नव्हता. देवाच्या नावाने खोटा दस्तऐवज करणाऱ्यांवर होता.

काय झाले पुढे? जे होते तेच झाले. हसणारे हसले, शिव्या देणाऱ्यांनी शिव्या दिल्या, आणि खुद्द सत्यशोधकांतलेही काही जण तुटून पडले. एकटे जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले. १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी या लेकीची बाजू घेतली आणि आपल्याच माणसांचे कान उपटले. ताराबाईंनी त्यानंतर काही छापले नाही. पुढे नव्वदाहून अधिक वर्षे त्या पुस्तकावर धूळ बसली, ती १९७५ साली स. गं. मालशे यांनी झटकली. आमच्या जिल्ह्याला दोन बायकांनी मोठे केले. एकीचे नाव घेताना आपण हात जोडतो. दुसरीचे नाव घेतले तर आमच्या शाळेतली दहापैकी आठ मुले ‘कोण ताराबाई?’ म्हणून विचारतात.

आता कोणी म्हणेल, पुस्तक लिहिणे सोपे असते. देवाधर्माच्या माणसांनी प्रत्यक्ष केले काय? केले, आणि त्याची हकीगत माझ्या मते एखाद्या सप्ताहात सांगण्याजोगी आहे.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनो, इथे येऊन गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल ठेवायचे तर ठेवा, न्यायचे तर न्या, अशा अर्थाची पत्रके त्यांनी शहराच्या भिंतींवर डकवली. १८८४ पर्यंत अशा पस्तीस बायका तिथे बाळंत झाल्याचे जोतीरावांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांतल्या काशीबाई नावाच्या एका विधवेचा मुलगा त्या दोघांनी पोटाशी धरला, तो यशवंत. यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करताच सावित्रीबाई गेल्या. जोतीराव देव न मानणारे नव्हते. त्यांनी त्याला ‘निर्मिक’ म्हटले आणि त्याच्या नावाने सार्वजनिक सत्यधर्म सांगितला. निर्मिकाने निर्माण केलेले बाळ उकिरड्यावर मरावे हे त्यांना निर्मिकाचा अपमान वाटले. त्या अपमानाची शिक्षा त्यांनी आईला दिली नाही. आईसाठी दार उघडले.

आणि पंढरपूर! वारीला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की चंद्रभागेच्या काठी १८७५ सालापासून असेच एक घर आहे? लालशंकर उमियाशंकर नावाचे न्यायखात्यातले एक गुजराती गृहस्थ तेव्हा तिथे नेमणुकीवर होते. त्यांनी आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ते ओळखले जाते. पंढरपूरच का? कारण अब्रूदार घराण्यांतल्या विधवेला दिवस गेले की ‘यात्रेला नेतो’ म्हणून तिला तीर्थाच्या गावी आणायचे, तिथे मोकळी करायची आणि मूल टाकून परत जायचे, ही रीतच पडली होती. म्हणजे पाप लपवायला पांडुरंगाचे गाव चालत होते. प्रार्थना समाजाचे लोक एकेश्वरी होते, उपासनेत तुकोबांचे अभंग म्हणत. त्यांनी त्याच गावात पाळणा टांगला. टाकायचेच असेल तर नदीत टाकू नका, इथे आणा. आणि तुझी जात कोणती, हा कोणाचा, असे आम्ही विचारणार नाही. विठोबाला आपण माउली म्हणतो. माझ्या मते त्या माउलीच्या गावात तो पाळणा हीच खरी महापूजा होती.

केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनाच्या आवारात कृपासदन काढले, समाजाने ‘पतित’ म्हणून ओवाळून टाकलेल्या बायकांसाठी. त्या ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांना शिव्या देणारे पुष्कळ होते. पण त्या बायकांना आपल्या घरात घ्यायला त्यांच्यातला एकही पुढे आला नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तराजू खोटा ठरेल. १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. ते देव न मानणारे. बाईने किती मुले जन्माला घालावीत हे बाईने ठरवावे, एवढेच ते सांगत होते. ज्या मिशनरी कॉलेजात ते गणित शिकवीत तिथली नोकरी त्यांना सोडावी लागली. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. खटले सोसले, दंड भरले. त्यांतल्या एका खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. १९३८ साली बाबासाहेबांच्या पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, तो बहुमताने फेटाळला गेला. माझ्या बौद्ध बंधुभगिनींना मी अदबीने विचारते, बाबासाहेबांचा हा ठराव आपल्या विहारांतून कधी वाचून दाखवला जातो काय? आणि माझ्या वारकरी भावांना विचारते, ज्याला देव नको होता त्याने बाईसाठी भाकरी गमावली, आणि ज्यांना देव हवा होता त्यांनी काय गमावले?

हे सगळे जुने झाले असे समजू नका. गेल्या वर्षाचे कोणतेही वर्तमानपत्र चाळा. काटेरी झुडपात, नाल्यात, बसस्थानकाच्या मागे अर्भक सापडल्याची बातमी कुठे ना कुठे दिसेल, आणि तिच्या डोक्यावर दोन शब्द असतील, ‘निर्दयी माता’. ‘निर्दयी पिता’ असा मथळा मी अजून वाचलेला नाही. १८८१ साली ताराबाई जे वाचून चवताळल्या तेच आपण आज चहाबरोबर वाचतो आणि ‘कलियुग आहे’ म्हणून पान उलटतो.

आणि हे तेव्हा, जेव्हा कायदा विजयालक्ष्मीच्या काळच्या कितीतरी पुढे गेला आहे. १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला. २०२१ साली तो दुरुस्त झाला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. चोवीस आठवड्यांपर्यंत काही स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने सुटका आहे. त्या स्त्रियांच्या यादीत बलात्कार झालेली आहे, अल्पवयीन मुलगी आहे, आणि गरोदरपणात विधवा झालेली वा घटस्फोट झालेलीही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अविवाहितेलाही त्यातून वगळता येणार नाही. सज्ञान बाईची एकटीची संमती पुरे. नवऱ्याची सही लागत नाही, आणि तिचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन आहे. मूल जन्मले आणि वाढवता येत नसेल तर ते बालकल्याण समितीपुढे रीतसर सोपवता येते, आणि मन बदलले तर परत घ्यायला साठ दिवसांची मुदत आहे. पंढरपूरच्या पाळण्याला आता कायद्याचे दोर आहेत. पण वाडीवस्तीवरच्या किती बायकांना हे ठाऊक आहे? त्यांना ठाऊक आहे ते एवढेच, की गर्भपात म्हणजे पाप आणि पाप म्हणजे पोलीस.

इथे एक गोंधळ मुद्दाम केला जातो, तो सोडवला पाहिजे. ‘मुलगी वाचवा’ म्हणणारे आणि ‘बाईला ठरवू द्या’ म्हणणारे एकमेकांचे वैरी आहेत असे भासवले जाते. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे आणि बाईला मूल नको आहे म्हणून सुटका करून घेणे, या दोन गोष्टी एकच असे सांगणारे फलक मी पाहिले आहेत. त्या एक नाहीत. गर्भाचे लिंग पाहणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने देशात सगळ्यांत आधी, १९८८ साली, त्यावर कायदा केला आणि १९९४ साली केंद्राने. तिथे बाई आपल्या मनाने ठरवीत नसते. तिच्या मागे सासर उभे असते, हुंड्याचे भय उभे असते, ‘वंशाला दिवा’ उभा असतो. म्हणजे दोन्हीकडे अपराध एकच आहे: कूस तिची आणि हुकूम दुसऱ्याचा. मुलगी पाडायला लावणारा आणि नको असताना मूल जन्माला घालायला लावणारा, हे एकाच माळेचे मणी आहेत. मुली वाचवायच्या असतील तर आधी मुलीच्या आईला माणूस समजावे लागेल.

सरकारनेही या माळेत आपला मणी ओवला होता, हे विसरू नये. १९७६ साली आणीबाणीत आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते राहिले. आणि आज सक्ती नाही म्हणावे तर पाहा: २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी निम्म्यांच्या आसपास ऑपरेशन झालेल्या निघाल्या, आणि पुरुषांची नसबंदी शंभरांत एकाचीही भरली नाही. पुरुषाचे ऑपरेशन सोपे, बिनटाक्याचे, त्याच दिवशी घरी जाण्यासारखे. तरी पोट कापून घ्यायचे ते बाईनेच. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांत १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवशी खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, पाल टाकलेल्या शेतात पाणी नाही, आडोसा नाही. मग दुखणे आले की पिशवीच काढून टाका. विटाळ मुळातूनच संपला! सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वी पांडुरंगाला विचारले होते की विटाळातूनच देह घडतो तर सोवळा देह कोणाचा. त्यांचे नाव आपण संतमालिकेत घेतो. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपण सुरीने दिले.

माझे काही विवेकवादी मित्र म्हणतात, बाई, तुम्ही देवाधर्माच्या नादी लागू नका. हे काम कायद्याचे आणि विज्ञानाचे. मी त्यांना नम्रपणे सांगते की मी शाळामास्तरीण आहे. मूल मुलगा होणार की मुलगी, हे बापाच्या बीजावर ठरते, आईवर नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर काढून दाखवते. वर्गातली पोरे ते वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. आणि त्यांच्या घरी तिसरी मुलगी झाली की दोष आईलाच जातो. फळ्याचा शब्द वहीपर्यंत जातो. फडावरचा आणि पारावरचा शब्द घरात शिरतो. माझ्या व्याख्यानाला चाळीस माणसे येतात, कीर्तनाला गाव येते. जिथे गाव बसते तिथेच हे बोलले पाहिजे. सत्यशोधकांनी जलसे काढले ते काय त्यांना नाचगाण्याची हौस होती म्हणून?

आणि कीर्तनात हा विषय आणू नये असे जे म्हणतात त्यांना माझे एकच सांगणे आहे: तो तिथे आलेलाच आहे. २०२० साली एका नामांकित कीर्तनकाराने अमुक तिथीला मुलगा होतो आणि तमुक तिथीला मुलगी, असे भर कीर्तनात सांगितले. फिर्याद झाली, प्रकरण कोर्टकचेरीत गेले. म्हणजे व्यासपीठावरून कुशीबद्दल बोलायचे नाही असा काही नेम नाही. मुलग्याच्या बाजूने बोलले तर ती करमणूक, आणि बाईच्या बाजूने बोलले तर तो अधर्म, एवढाच नेम आहे.

दहावीच्या आतच शाळेतून उठणाऱ्या मुली मी पाहते. त्याच २०१९ ते २१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या विशीतल्या शंभर बायकांत बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. हजेरीपटावरचे नाव दिवाळीच्या सुट्टीनंतर गैरहजर लागते, तुळशीच्या लग्नानंतर कायमचे कटते. एकीच्या आईला मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “बाई, पोरगी वयात आली, मले रातची झोप येत नाही. उद्या काही कमीजास्त झालं तं लोकं काय म्हन्तीन?” मी त्या माउलीला दोष देत नाही. तिची झोप उडवणारी ‘लोकं’ ती आपणच. विजयालक्ष्मीला ज्या भयाने ग्रासले तेच हे भय. फक्त आता ते लेकीच्या पोटात काही यायच्या आधीच आईच्या पोटात येते. आणि त्या भयावर अक्षता टाकायला भटजी येतात, काझी येतात, भंतेजी येतात. २००६ च्या बालविवाहाच्या कायद्याप्रमाणे असे लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, हे त्यांना ठाऊक नसेल असे समजणे कठीण आहे.

तेव्हा माझे मागणे देवाच्या माणसांकडेच आहे, आणि ते फार मोठे नाही.

लग्न लावणाऱ्याने मुहूर्ताआधी मुलीच्या जन्माचा दाखला पाहावा. अठरा भरली नसतील तर मंगलाष्टके म्हणू नयेत. सात दिवसांच्या सप्ताहात एक दिवसाचे कीर्तन ताराबाईंचे, सावित्रीबाईंचे आणि पंढरपूरच्या पाळण्याचे व्हावे. मुलग्यासाठी केलेला नवस देवळाने स्वीकारू नये; पेढे आणायचेच असतील तर लेक झाल्यावर आणा. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने तो साऱ्या राज्यापुढे आदर्श म्हणून ठेवला. आमच्या गावांनी तसा ठराव करताना देवळाच्या हळदीकुंकवात पहिली वाटी विधवेच्या हाती द्यावी. पारावर बसणाऱ्या चार मान्यवर पुरुषांनी स्वतःचे ऑपरेशन करून घेतल्याचे एकदा तरी उघड सांगावे; त्यांच्या पौरुषाला काही होत नाही हे गाव पाहील. आणि कोणी मुलगी रडत दारात आली, तर तिला प्रथम पाणी द्यावे, मग डॉक्टरचे नाव सांगावे, आणि ‘कोणाचा?’ हा प्रश्न तिला न विचारता ज्याचा आहे त्याला विचारावा.

यातले एकही काम देवाविरुद्ध नाही. यातल्या एकालाही सरकारचा खर्च नाही. लागते ती एकच गोष्ट, आणि ती आपल्याकडे सोन्याहून महाग झाली आहे: चार लोकांत बाईच्या बाजूने बोलण्याची हिंमत.

देव कोणाच्या बाजूचा, असे मी आरंभी विचारले. देव स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने आपणच बोलतो, आणि आपण जे बोलतो त्यावरून पुढची पिढी देवाची किंमत ठरवते. विजयालक्ष्मीला फाशी सुनावली गेली तेव्हा साऱ्या धर्ममार्तंडांत देवाची लाज राखणारा एकही निघाला नाही. ती राखली वऱ्हाडातल्या एका कारकुनाच्या लेकीने, नऊ आण्यांच्या पुस्तकात. ते पुस्तक आजही बाजारात मिळते. यंदाच्या भाऊबीजेला बहिणीच्या ताटात साडीबरोबर तेही घाला. आणि बहीण वाचू लागली की तिला मध्येच उठवून चहा मागू नका.